लहान कॅमेरा हवा असेल तर आधी लेन्स ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी जुना डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स आहेत, पण वजनामुळे तो ट्रेकला नेणं बंद झालंय. आता लहान मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचा आहे. वापर म्हणजे पावसाळ्यात किल्ले, कासची फुलं, अधूनमधून लेण्या आणि घरात सतत धावणारी सहा वर्षांची मुलगी. कॅमेऱ्यात आणि लेन्समध्ये नेमकं काय काय असायला हवं, हे तुम्हाला समजून घ्यायचंय. आणि वडिलांच्या पेंटॅक्स के१०००वरची ५० मिमी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालेल का, हेही विचारलंय. तिच्याकडे शेवटी येतो.

तुम्ही पाच-सहा बॉडींची (म्हणजे लेन्सविना कॅमेऱ्यांची) नावं दिली आहेत आणि प्रत्येकीचं वजन लिहिलंय, पण लेन्सचं एकही नाव नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न असाच असतो आणि मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. कॅमेरा लहान आहे की नाही हे बॉडीवरून ठरत नाही, तिच्यावर कायम लागून राहणाऱ्या लेन्सवरून ठरतं. तुमचा डीएसएलआर कपाटात गेला तो बॉडीच्या वजनामुळे कमी आणि लेन्स लावल्यावर पुढे आलेल्या नळकांड्यामुळे जास्त. गळ्यात अडकवून चढताना ते पोटावर आपटतं, मग कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये जातो, आणि सॅकमध्ये गेलेला कॅमेरा सहसा गडावर पोचेपर्यंत बाहेर येत नाही.

आकड्यांत बघा. सोनीचा ए७सी हा फुलफ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा कॅमेरा बॅटरी-कार्डासह ५०९ ग्रॅमचा. त्यावर ४० मिमी एफ/२.५ (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) ही १७३ ग्रॅमची लेन्स लावली तर एकूण ६८२ ग्रॅम. त्याच बॉडीवर त्याच कंपनीची २४-७० एफ/२.८ची दुसरी आवृत्ती लावली तर एकट्या लेन्सचेच ६९५ ग्रॅम, एकूण बाराशेच्या वर. आता मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या प्रकारातला, ओएम सिस्टिम (पूर्वीची ऑलिंपस) कंपनीचा ओएम-५ घ्या. बॉडी ४१४ ग्रॅम आणि त्यावर १२-४५ एफ/४ ही २५४ ग्रॅमची झूम, एकूण ६६८. म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा एका लहान प्राइमसह (झूम न होणाऱ्या लेन्ससह) आणि लहान सेन्सरचा कॅमेरा एका झूमसह, दोघांचं वजन जवळजवळ एकच. म्हणून ‘फुलफ्रेम जड आणि मायक्रो फोर थर्ड्स हलका’ हे वाक्य पूर्ण खरं नाही. कोणत्या लेन्ससह, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आरसा काढल्यामुळे सगळ्याच लेन्स लहान झाल्या असं दुकानात सांगतात, तेही अर्धवट आहे. डीएसएलआरमध्ये लेन्सचा माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) आणि सेन्सर यांच्यात आरशाला हलायला जागा सोडावी लागायची: कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. १८ किंवा २४ मिमीची लेन्स या अंतरामागून चित्र पाडू शकावी म्हणून तिच्यात जास्तीच्या काचा घालाव्या लागत, आणि त्यामुळे ती फुगे. मिररलेसमध्ये हे अंतर सोनीकडे १८, फुजीकडे १७.७, निकॉन झेडमध्ये १६ मिमीवर आलं. त्यामुळे रुंद आणि मध्यम कोनाच्या लेन्स खरोखर लहान करता आल्या. टेलीला, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सला, मात्र या बदलाचा फारसा उपयोग नाही. ३०० मिमी एफ/४ लेन्सला पुढे ७५ मिमी व्यासाची वाट लागणारच, कारण ३०० भागिले ४ म्हणजे ७५. माउंट कोणताही असो, हे गणित बदलत नाही. टेलीत आकार वाचवायचे दोनच मार्ग: सेन्सर लहान घ्या, म्हणजे १५० मिमीमध्येच ३००चा कोन मिळतो, किंवा अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याची वाट) लहान स्वीकारा. तुमच्या यादीत पक्षी नाहीत, वन्यप्राणी नाहीत. ७०-३०० शेवटची कधी लावली होती ते आठवून बघा. फोटोंच्या फाइलमध्ये फोकल लेन्थ, म्हणजे लेन्स किती मिमीवर होती तो आकडा, नोंदलेली असते. जुने फोटो कॉम्प्युटरवर त्या क्रमाने लावून बघितले की स्वतःची सवय कळते. माझा अंदाज आहे की १८ ते ५५च्या मधल्याच कुठल्या तरी पट्ट्यात तुमचे आवडते फोटो निघतील.

हा विचार नवा नाही. १९७२ साली ऑलिंपसच्या मैतानी योशिहिसांनी ओएम-१ केला (पहिल्यांदा तो एम-१ या नावाने आला होता), तेव्हा बॉडीबरोबर लेन्सही लहान केल्या आणि त्यांतल्या बऱ्याच लेन्सना ४९ मिमीचाच फिल्टर ठेवला. अख्खा संच लहान असला तरच कॅमेरा लहान, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आज अनेक कंपन्या ४०० ग्रॅमची सुरेख बॉडी काढतात आणि तिला साजेशी, पावसात चालणारी, बऱ्या अ‍ॅपर्चरची लहान लेन्स मात्र काढतच नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे की आधी त्या कंपनीची लेन्सची यादी उघडा आणि तीनशे ग्रॅमच्या आतल्या, तुम्हाला लागणाऱ्या दोन लेन्स तिथे आहेत का ते बघा. नसतील तर ती बॉडी कितीही आवडली तरी सोडून द्या.

लहान लेन्समध्ये काय बघायचं? पहिलं, अ‍ॅपर्चर. कायम एफ/१.४च्या मागे लागण्याची गरज नाही. एफ/२च्या आसपासची प्राइम हा आकार आणि प्रकाश यांच्यातला उत्तम सौदा आहे. फुजीची ३५ मिमी एफ/२ १७० ग्रॅमची आहे, तीही रबरी सील लावलेली. मायक्रो फोर थर्ड्सची ऑलिंपस ४५ मिमी एफ/१.८ तर ११६ ग्रॅमची. बिस्किटाएवढ्या जाडीच्या पॅनकेक लेन्स, म्हणजे फुजीची २७ मिमी एफ/२.८ (८४ ग्रॅम) किंवा कॅननची आरएफ २८ मिमी एफ/२.८ (१२० ग्रॅम), लावल्यावर कॅमेरा जर्किनच्या खिशात जातो. त्याची किंमत म्हणजे एफ/२च्या तुलनेत एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश गेला.

दुसरं, जवळून फोकस. याकडे कुणी बघत नाही आणि तुम्हाला कासला तेच लागणार आहे. लेन्सच्या माहितीत कमाल मॅग्निफिकेशन म्हणून आकडा दिलेला असतो. ०.१ असेल तर फुलांसाठी ती लेन्स विसरा. ओएमच्या १२-४५ला तो ०.२५ आहे, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर रुंदीचा भाग पूर्ण फ्रेमभर घेता येतो. तेरड्याला, ‘मिकी माऊस’ नावाच्या फुलाला एवढं पुरतं. सीतेची आसवं किंवा दवबिंदूसारख्या इवल्या वनस्पतींना मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं चित्र घेणारी लेन्सच हवी. तिथे ६० मिमी एफ/२.८ मॅक्रो १८५ ग्रॅममध्ये एकास एक मॅग्निफिकेशन देते आणि तीही सीलबंद आहे. माझ्या पावसाळी पिशवीत हीच जोडी असते. लहान सेन्सरला एकाच अ‍ॅपर्चरवर जास्त भाग फोकसमध्ये मिळतो, हा पार्श्वभूमी धूसर करताना तोटा वाटतो. फुलाची पाकळी आणि पुंकेसर दोन्ही धरायचे असतात तेव्हा मात्र तोच फायदा ठरतो. कॅमेऱ्यातलं फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो एकत्र जोडणं) फार जाहिरातीत असतं, पण सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, वारा थांबत नाही. मला ते पहाटेच्या अर्ध्या-पाऊण तासाखेरीज क्वचितच वापरता येतं.

तिसरं, झूम उघडायची पद्धत. अनेक किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या) मिटवून ठेवता येतात आणि वापरण्याआधी फिरवून उघडाव्या लागतात. काहींना मोटर असते आणि कॅमेरा चालू केल्यावर त्या आपोआप बाहेर येतात. सोनीची जुनी १६-५० अशीच, ११६ ग्रॅमची. आकार झकास, पण मुलगी अचानक हसली तर तो सेकंद-दीड सेकंद महाग पडतो. मुलांचे फोटो काढणाऱ्याला मी नेहमी न मिटणारी प्राइम सुचवतो: कॅमेरा चालू की लेन्स तयार.

फोकसच्या रिंगबद्दल थोडंसं. आजकालच्या बहुतेक लहान लेन्समध्ये रिंग काचांना थेट जोडलेली नसते, ती मोटरला संदेश पाठवते. काही लेन्समध्ये रिंग हळू फिरवली की कमी आणि जोरात फिरवली की जास्त फोकस सरकतो. हाताला त्याचा अंदाज कधीच बसत नाही. तुम्हाला हाताने फोकस करायची आवड असेल तर फिरवलेल्या कोनाच्या प्रमाणात फोकस सरकण्याची सोय मेनूमध्ये आहे का ते बघा. नसेल आवड, तर हे सोडून द्या.

शिवाय लहान लेन्सचं विकृतीकरण, म्हणजे कडेच्या सरळ रेषा वाकणं, कॅमेरा स्वतः सुधारून देतो. मायक्रो फोर थर्ड्समध्ये तर सुरुवातीपासून ही पद्धत गृहीत धरलेली आहे. काही लोक याला फसवणूक मानतात. मी मानत नाही. शेवटची प्रतिमा चांगली असेल आणि त्या बदल्यात लेन्स शंभर ग्रॅमने हलकी होत असेल, तर हा रास्त व्यवहार आहे. फक्त अगदी रुंद कोनात कोपरे थोडे ताणलेले दिसतात, ते तपासून घ्यावं.

आता बॉडी. लेन्स लहान घेतली की काही गोष्टी आपण सोडतो आणि त्या भरून काढायचं काम बॉडीचं. या दृष्टीने बघितलं की वैशिष्ट्यांच्या लांबलचक यादीतून तुमच्यासाठी तीनच महत्त्वाची उरतात: व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी), बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) आणि पावसापासून संरक्षण. गंमत म्हणजे पाचशे ग्रॅमच्या आत ही तिन्ही एकत्र असलेल्या बॉडी फार थोड्या आहेत. ओएम-५ आहे, सोनीचा ए६७०० (४९३ ग्रॅम) आहे. फुजीच्या एक्स-टी५० आणि एक्स-ई५मध्ये व्ह्यूफाइंडर आणि स्टॅबिलायझेशन आहे, पण सील नाहीत. निकॉन झेडएफसी आणि कॅनन आर१०मध्ये व्ह्यूफाइंडर आहे, पण बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. निकॉन झेड३०, सोनी झेडव्ही-ई१० आणि फुजी एक्स-एम५मध्ये व्ह्यूफाइंडरच नाही. हे तिन्ही व्हिडिओ करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहेत आणि त्या कामाला उत्तम आहेत.

व्ह्यूफाइंडरवर मी अडून बसतो. ऑक्टोबरच्या उन्हात राजगडाच्या माचीवर उभं राहून मागच्या पडद्यावर फ्रेम बघायचा प्रयत्न करा, स्वतःचा चेहरा आणि आकाश यापलीकडे काही दिसत नाही. शिवाय डोळ्याला लावलेला कॅमेरा कपाळ आणि दोन हात अशा तीन ठिकाणी टेकतो. हात लांब करून धरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा तो कितीतरी स्थिर राहतो. तुम्ही चष्मा लावता असं लिहिलंय, म्हणून ठिपक्यांच्या संख्येपेक्षा आय पॉइंटचा आकडा बघा: डोळा काचेपासून किती दूर असतानाही पूर्ण फ्रेम दिसते ते त्यातून कळतं. त्याहून चांगलं म्हणजे चष्मा लावूनच दुकानात बघा, चारही कोपरे एकाच वेळी दिसले पाहिजेत. व्ह्यूफाइंडर मध्यभागी, वर उंचवटा करून दिलेला असतो किंवा डाव्या कोपऱ्यात. डाव्या कोपऱ्यातला असेल तर बॉडी चपटी राहते आणि उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक पडद्यावर घासत नाही. डाव्या डोळ्याने बघत असाल तर हा फायदा तुम्हाला नाही.

याचा अर्थ मागचा पडदा नगण्य आहे असं नाही. कासला तो वर उचलता यायलाच हवा. फुलं घोट्याच्या उंचीवर असतात. पडदा हलत नसेल तर माणूस आडवा झोपतो आणि एका फुलाच्या फोटोसाठी शंभर फुलं चिरडतो. हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी वाईट वाटतं. वर-खाली झुकणारा पडदा लेन्सच्या रेषेत राहतो, म्हणून आडव्या फ्रेमला तो सोयीचा. बाजूला उघडून फिरणारा पडदा उभ्या फ्रेमलाही चालतो, पण उघडायला एक हालचाल जास्त.

स्टॅबिलायझेशनचं महत्त्व तुमच्या लेण्यांमुळे आहे. २०१२ साली ऑलिंपसने ई-एम५मध्ये पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन आणलं तेव्हापासून अंधारात काम करायची माझी पद्धतच बदलली. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि आत प्रकाश जाणूनबुजून मंद ठेवलेला असतो. भाजे आणि कार्ले इथल्या लेण्यांत चैत्यगृहाच्या आतल्या टोकाला भर दुपारीही अंधार असतो. तिथे मूर्ती हलत नाही, हलतो तो आपला हात. स्टॅबिलायझेशन चांगलं असेल तर श्वास रोखून पाव सेकंदालाही शार्प फोटो मिळतो, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कमी ठेवता येतो आणि ट्रायपॉड न्यावा लागत नाही.

पण हेच स्टॅबिलायझेशन मुलीच्या धावण्यावर काही करू शकत नाही. ते आपल्या हाताचा थरथराट थांबवतं, समोरच्याची हालचाल नाही. घरातल्या संध्याकाळच्या दिव्यात पळणाऱ्या मुलीसाठी निदान १/२५० सेकंद हवा, आणि तिथे उपयोगी पडतं फक्त लेन्सचं अ‍ॅपर्चर आणि सेन्सरचं क्षेत्रफळ. फुलफ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. त्याच एफ-क्रमांकावर फुलफ्रेमला मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळपास चौपट, म्हणजे दोन स्टॉप जास्त प्रकाश मिळतो. एपीएस-सी या दोघांच्या मध्ये बसतो. म्हणून इथे उत्तर तुमच्यावर अवलंबून आहे. किल्ले, फुलं आणि लेण्या मिळून मोठा वाटा असेल तर मायक्रो फोर थर्ड्स. घरात, लग्नांत, संध्याकाळी माणसांचे फोटो जास्त असतील तर एपीएस-सी आणि एक एफ/२ किंवा त्याहून मोठ्या अ‍ॅपर्चरची प्राइम. दोन्ही निम्मे-निम्मे असतील तर मी एपीएस-सीकडे झुकेन, कारण मूल पुन्हा सहा वर्षांचं होत नाही. किल्ला पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

मुलीसाठीच आणखी एक: ऑटोफोकस. डोळा ओळखून त्याचा पाठलाग करणाऱ्या प्रणालीत गेल्या काही वर्षांत खरोखर मोठी झेप आहे. बाकी सगळ्या बाबतीत मी जुनी, वापरलेली बॉडी आनंदाने सुचवतो, पण धावणाऱ्या मुलांसाठी नव्या पिढीची बॉडी फरक दाखवते. ए६७०० या बाबतीत तुमच्या यादीतल्या बाकीच्यांच्या पुढे आहे.

पावसाचं संरक्षण म्हणजे काय, यावर खूप गैरसमज आहेत. ‘वेदर सील्ड’ असं सगळेच लिहितात, पण त्याचा दर्जा किती हे क्वचितच सांगतात. ओएम-५ला आयपी५३ असा दर्जा दिलेला आहे. त्यातला ५ हा धुळीबद्दल आहे, ३ हा पाण्याच्या फवाऱ्याबद्दल: उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरक्या येणाऱ्या तुषारांपासून संरक्षण. म्हणजे श्रावणातली रिमझिम चालेल, नळाखाली धरणं नाही, ओढ्यात पडणं तर नाहीच. कोकणकड्यावर खालून वर येणारा पाऊस कुठल्या चाचणीत बसतो हे मला विचारू नका, तिथे मी वरून प्लॅस्टिकची पिशवीही घालतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लेन्सही सीलबंद हवी. ए६७०० घेऊन त्यावर किट १६-५० लावली तर बॉडी तयार आणि माउंटच्या फटीतून पाणी आत. लेन्सच्या मागच्या धातूच्या कडेला रबराची पातळ रिंग आहे का, ते बोट फिरवून बघा. सिग्माच्या १८-५० एफ/२.८ला ती आहे आणि लेन्स तीनशे ग्रॅमच्या आत आहे. ए६७००शी तिची जोडी छान जमते.

थोडी उजळणी करतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. फुलं-किल्ले-लेण्या प्रधान असतील तर ओएम-५, १२-४५ एफ/४ आणि नंतर ६० मॅक्रो. मुलगी आणि घर प्रधान असेल तर ए६७००, सिग्मा १८-५० आणि नंतर एक लहान प्राइम. पाऊस सोडून देत असाल आणि कॅमेरा हातात घेतल्यावर आनंद व्हावा असं वाटत असेल, तर एक्स-टी५० आणि २३ किंवा ३५ एफ/२. घेण्याआधी आपल्या शहरात त्या कंपनीची दुरुस्ती कोण करतं आणि बिलावर भारतातली वॉरंटी आहे का, हे नक्की विचारा. दुसऱ्या देशातून आणलेला माल स्वस्त मिळतो आणि बिघडला की त्याला वाली नसतो.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो. मेगापिक्सेलची चिंता नको: १२ × १८ इंचांचा प्रिंट ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) काढायला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात, आजचे बहुतेक कॅमेरे जवळपास तेवढे देतात. डायल मात्र निदान दोन हवेत, एक अ‍ॅपर्चर किंवा शटरला, दुसरं एक्स्पोजर कमी-जास्त करायला. ढग भरलेल्या दिवशी पांढऱ्या धुक्यात हे दुसरं डायल सारखं लागतं आणि ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही. फार चपट्या बॉडीवर मोठी लेन्स लावली तर मनगट दुखतं, म्हणून बोटांना धरायला थोडा उंचवटा असावा. यूएसबी-सीने चार्जिंग ही माझ्यासाठी जवळपास अट आहे, कारण लहान कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या लहान असतात. कंपनीच्या आकड्यानुसार बहुधा तीनशे-चारशे फोटो. पॉवर बँकेवर रात्री चार्ज करता आलं पाहिजे. (ओएम-५च्या पहिल्या आवृत्तीला मायक्रो-यूएसबी आहे, दुसऱ्या आवृत्तीत यूएसबी-सी आली.) तरीही एक जादा बॅटरी घ्याच. विमानाने जाताना ती केबिन बॅगेत ठेवावी लागते, सामानात चालत नाही.

इलेक्ट्रॉनिक शटरबद्दल (यात कुठलाही पडदा हलत नाही, सेन्सरच फोटो घेतो) सावध करतो, कारण बारशात आणि बालवाडीच्या कार्यक्रमात सगळे तोच वापरतात. आवाज नाही म्हणून. बहुतेक सेन्सर प्रतिमा वरून खाली ओळीओळीने वाचतात. त्या वाचण्याच्या वेळात काही हललं तर ते तिरकं दिसतं: लेझीम, झोका, धावत्या गाडीतून दिसणारा खांब. दुसरं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्‍झची, त्यामुळे बरेच एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. गणपतीच्या मांडवात इलेक्ट्रॉनिक शटरने १/५००ला फोटो काढला की आडवे काळे पट्टे येतात. तिथे मेकॅनिकल शटर वापरा, १/१०० किंवा १/५० ठेवा, किंवा बॉडीत फ्लिकर ओळखून योग्य क्षणी शटर सोडायची सोय असेल तर ती चालू करा.

आणि बुरशी. कोकणात, मुंबईत, मावळात राहणाऱ्याने लेन्स कातडी केसमध्ये कपाटात ठेवली तर दोन पावसाळ्यांत काचेवर जाळं दिसू लागतं. लहान संचाचा हा एक मोठा लाभ: सगळं एका हवाबंद डब्यात मावतं. डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. त्याहून खूप कोरडंही करू नका. एसी गाडीतून धुक्यात उतरलात तर बॅग लगेच उघडू नका, काचेवर दव धरतं. लेन्स बदलतानाही लक्षात ठेवा की मिररलेसचा सेन्सर सहसा उघडाच असतो. वाऱ्यात सड्यावर बदलण्यापेक्षा त्या दिवसाला एकच लेन्स ठरवून निघालेलं बरं.

दुकानात जाल तेव्हा कॅमेरा किट लेन्ससह नव्हे, तुम्ही खरोखर घेणार असलेल्या लेन्ससह हातात मागा. गळ्यात घालून दुकानात फिरा, खाली वाका, एका हाताने चालू करा, अंगठ्याने डायल फिरवा, चष्मा लावून बघा. नंतर बॉडी उलटी करून बघा की ट्रायपॉडची प्लेट लावल्यावर कार्डाचं दार उघडतं का. हे तिथेच कळतं, माहितीपत्रकात कधी लिहिलेलं नसतं.

आता वडिलांची लेन्स. चालेल, नक्की चालेल. पेंटॅक्सच्या के माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर ४५.४६ मिमी, मिररलेसचं त्याच्या निम्म्याहून कमी. मधला फरक भरून काढायला धातूची पोकळ नळी असलेला साधा अ‍ॅडॅप्टर पुरतो, त्यात काच नसते. आधी लेन्सच्या मागून टॉर्च मारून बुरशी बघा आणि अ‍ॅपर्चरची पाती मोकळी हलतात का तपासा. ऑटोफोकस मिळणार नाही आणि फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चर नोंदलं जाणार नाही. काही कॅमेऱ्यांत ‘लेन्स नसताना शटर चालू’ अशी सोय मेनूत शोधून सुरू करावी लागते, नाहीतर कॅमेरा फोटोच काढणार नाही. स्टॅबिलायझेशनसाठी फोकल लेन्थ हाताने ५० भरा. तिथे १.५ किंवा २ने गुणायचं नाही, लेन्सवर छापलेला आकडाच घालायचा. फोकस करताना व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करा, कडा रंगवून दाखवणाऱ्या फोकस पीकिंगवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फार विसंबू नका.

एपीएस-सीवर या लेन्सचा कोन ७५ मिमीसारखा दिसेल, मायक्रो फोर थर्ड्सवर १०० मिमीसारखा. म्हणजे दोन्हीकडे ती चेहऱ्यांची लेन्स होते. मुलगी चित्र काढत बसली असेल, आजीशी बोलत असेल, तेव्हा वापरा, धावताना नाही. अ‍ॅडॅप्टर धरून ती लांब आणि जड होते, म्हणून ट्रेकच्या पिशवीत तिला जागा देऊ नका. आणि अ‍ॅडॅप्टर घेताना लेन्स सोबत न्या. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये कधी लेन्स सैल हलते, तर कधी नळी ठरलेल्या मापापेक्षा जरा लांब असते आणि मग दूरचा डोंगर फोकसमध्ये येतच नाही. दुकानाबाहेर उभं राहून लांबच्या इमारतीवर एकदा फोकस करून बघितलं की पैसे द्यायचे की नाही ते कळेल.